तांब्याचं वय

रविवारी दुपारी तो नेहमीसारखा ताईच्या घरी आला, चपला दाराशी सरकवल्या, पंख्याखालच्या खुर्चीत बसला, पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि लावल्या लावल्या ठसकला. समोर खिडकीशी बाबा बसले होते आणि त्यांच्या तळहातावर काहीतरी लाल, झगझगीत होतं. औषधाच्या बाटलीचं झाकण म्हणून त्याने सोडूनही दिलं असतं, पण बाबांनी ते दोन बोटांत उचलून कडेने धरलं, आणि झाकणाला असं कुणी धरत नाही. असं नाण्याला धरतात. आणि या घरात नाणं म्हणजे एकच. बाबांचं ते तांब्याचं नाणं त्याला कळायला लागल्यापासून तपकिरी होतं, मागच्या रविवारपर्यंत तपकिरीच होतं, आणि आज ते उघडंनागडं होऊन उन्हात लकाकत होतं. त्याने ग्लास खाली ठेवला. थोडं पाणी पँटवर सांडलं, तिकडे त्याचं लक्षही गेलं नाही.

"नाण्याला काय केलं?"

"घासलं," ताई आतून म्हणाली. ती भाजी चिरत होती. "आधी लिंबू-मीठ लावलं, मग दंतमंजनाने चोळलं. कसलं निघालंय बघ. त्याच्या पोटात एवढा उजेड असेल असं वाटलं नव्हतं मला."

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा करायला?"

सुरीचा आवाज थांबला. ताई हात पुसत दारात आली. ती त्याच्याहून मोठी, लहानपणी त्याला कडेवर घेऊन हिंडलेली, त्यामुळे त्याच्या रागाला ती फारशी भीक घालत नसे. "अरे, आधी ऐकून तरी घे. त्यांनीच मला..."

"त्यांना काय कळतंय आता," तो म्हणाला.

बाबा हाताच्या अंतरावर होते आणि त्यांचे कान ठणठणीत होते. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ओशाळं वाटलं, पण बाण सुटला होता, आणि सुटलेल्या बाणामागे धावत जाऊन माफी मागण्याची या घरात पद्धत नव्हती. बाबांनी नाणं फक्त मुठीत घेतलं.

आता हेच दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर तो गालातल्या गालात हसला असता. त्याचं पोटच मुळी लोकांच्या या आगाऊपणावर चालत होतं. जुनं तांबं दिसलं की माणसाचे हात शिवशिवायला लागतात. आजोबांच्या पेटीत एखादं नाणं सापडतं, काळपट दिसतं, की निघाली मंडळी लिंबू, व्हिनेगर, राख, जे हाताला लागेल ते घेऊन. मग ते आरशासारखं झालेलं नाणं घेऊन छाती फुगवून नाण्यांच्या दुकानात येतात. मालक भिंगातून बघतात, भिंग खाली ठेवतात आणि घरात कुणी गेल्याचं सांगावं तशा आवाजात सांगतात, साहेब, जे जपायचं होतं तेच तुम्ही धुऊन टाकलंत. तांब्यावरचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही. तो चढायला माणसाचं आयुष्य लागतं, आणि उतरायला अर्धं लिंबू पुरतं. अशी बिघडवलेली नाणी मग दुकानामागच्या खोलीत याच्याकडे येत आणि हा त्यांना पुन्हा तपकिरी करून देई. मालक त्याला रंगारी म्हणत. बायको म्हणे, जगातल्या बायका केस रंगवून वय लपवतात आणि आमचे हे तांब्याला वय चिकटवत बसतात. गंधकाच्या वासाने तिचं डोकं उठे; तो कामावरून आला की ती आधी खिडक्या उघडी आणि मग चहा टाकी. तर असा हा माणूस, गावच्या उचापतखोरांनी घासलेली नाणी निस्तरणारा, आणि त्याच्या सख्ख्या बहिणीने त्याच्या सख्ख्या बापाचं नाणं दंतमंजनाने घासून ठेवलं. आता बोला.

"द्या इकडे, बाबा. नीट करून आणतो."

बाबांनी मान तिरकी केली. हल्ली ते समोरच्याकडे सरळ बघतच नसत, खांद्यावरून मागे कुणी आलंय का ते पाहावं तसे बघत. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसेल तेवढं दिसेल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तोच सोबत होता. औषधांची पिशवीही त्यानेच धरली होती. म्हणजे माहीत त्याला सगळं होतं, घरातल्या माणसांविषयी आपल्याला जसं सगळं माहीत असतं तसं.

"असू दे की," बाबा म्हणाले. "बरं दिसतंय."

"बरं कसलं डोंबलाचं. वाट लागलीय त्याची. मी आणतो पहिल्यासारखं करून, तुम्ही बघाच."

बाबांनी मुठीतल्या मुठीत नाण्यावरून अंगठा फिरवला. मग मूठ उघडली. "बरं, ने," ते म्हणाले. त्याने नाणं उचललं, पाकिटातला मऊ कागद काढून त्यात गुंडाळलं, आणि जेवायला न थांबता निघाला. ताई जिन्यापर्यंत मागे आली. काहीतरी म्हणत होती. त्याने हात झटकला आणि उतरायला लागला.

बसमध्ये बसल्यावर त्याच्या कानाच्या पाळ्या अजून गरम होत्या. खिशावर हात ठेवून तो खिडकीबाहेर बघत राहिला. सिग्नलला एक माणूस दुकानाच्या पाटीवरची धूळ फडक्याने पुसत होता, त्याचाही त्याला राग आला. पुसा, घासा, काही शिल्लक ठेवू नका. पण खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली त्याला आनंद होत होता, आणि तो आनंद त्याला चांगलाच ओळखू येत होता, म्हणूनच तो त्याच्याकडे बघायचं टाळत होता. सगळं आयुष्य गेलं, बाबांना त्याच्या कामाची कधी गरज पडली नव्हती. आज पडली होती. दुसऱ्या कुणालाही जमणार नाही असं एक काम बाबांचं निघालं होतं, आणि ते नेमकं याच्या हातातलं निघालं होतं.

बाबा टांकसाळीत होते. दाबयंत्रावर. तांब्याच्या चकत्या आत जात, ठसा आदळे, आणि खालच्या लोखंडी ताटात नवी नाणी लाल लाल पडत राहत. घरी आले की त्यांच्या हातांना धातूचा वास येई. ताई आणि तो दोघं आळीपाळीने त्यांचे तळहात हुंगत आणि बाबा खोटं खोटं शिंकत. एकदा त्यांच्या यंत्रावरच्या ठशाला बारीक तडा गेला. तडा ठशाला गेला की नाण्यावर त्या जागी केसासारखी उठावाची रेघ येते. ती रेघ नाण्याच्या काठापासून निघून आकड्याच्या पायापर्यंत जाई. बाबांच्या लक्षात येईपर्यंत एक अख्खं पोतं शिवून बाहेर गेलं होतं. साहेबांनी सगळ्यांच्या देखत त्यांना झापलं, आणि ते झापणं बाबा पुढे जन्मभर चवीने सांगत. कारण पुष्कळ वर्षांनी साबणाच्या वडीवर सुटे पैसे परत घेताना त्यांच्या हातात एक तपकिरी नाणं पडलं आणि अंगठ्याला रेघ लागली. पळून गेलेलं पोर दारात उभं राहावं तसं, असं ते सांगत. दुकानासमोर रस्त्यातच ते एकटे हसत उभे राहिले होते. लोकांना वाटलं, चळलाय माणूस. तेव्हापासून ते नाणं कपाटात, शर्टाच्या गुंड्यांच्या डबीत. कधीतरी ते काढत, तळहातावर ठेवून दोघा मुलांना दाखवत. ताईला हात लावू देत. याला नाही. "तुझे हात घामट आहेत," म्हणत. खरंच होते. अजूनही आहेत, म्हणून तो कामावर पातळ हातमोजे घालतो.

आणि जेव्हा याने नाणी रंगवायचं काम धरलं तेव्हा बाबा जेवता जेवता एवढंच म्हणाले होते, "आम्ही कोरं करून लोकांत सोडायचो. तू शिळं करून विकतोस." त्यावर आई म्हणाली होती, "अहो, जेवू द्या त्याला." पुढे आई गेली, बाबा ताईकडे राहायला गेले, याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले, पण ते वाक्य तसंच राहिलं. बाबा दुकानाच्या बाजूला कामासाठी यायचे, खाली बसस्टॉपवर उभे राहायचे, पण दुकानाच्या तीन पायऱ्या त्यांनी कधी चढल्या नाहीत. एकदा त्याने विचारलंही होतं, बघायला या ना, कसं करतो ते. "खोटं वय लावतोस, त्यात बघायचं काय?" हे उत्तर. आणि गंमत म्हणजे त्याला ते पटतही होतं. रात्रीच्या झोपेआड येण्याएवढं नाही, पण एखादं नाणं उत्तम उतरलं की त्याच क्षणी ते वाक्य आठवे आणि जिभेवर तांब्याची चव येई. आपण बिघडलेलं दुरुस्त करतो की खोटं खरं करून देतो, हे मालकांना विचारण्यात अर्थ नव्हता. मालक म्हणाले असते, गिऱ्हाइकाला सांगून विकतो ना, मग झालं.

सोमवारी त्याने ते नाणं कामाला घेतलं. मागच्या खोलीला एकच खिडकी, उन्हाची नाही, नुसत्या उजेडाची. रंग बघायला तीच बरी. टेबलावर जाड कागद, मऊ केसांचा ब्रश, गंधकाची पूड मलमात कालवून ठेवलेली डबी, एक टेबललँप ज्याच्या उबेला नाणं ठेवायचं. पद्धत साधी होती. आधी नाण्यावरचं तेलतूप काढायचं, मग मलम बोटभर फासायचं, ऊब द्यायची, पुसायचं, ब्रश फिरवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. घाई केली की बोंबललं. हे तो नव्या माणसाला डोळे मिटून शिकवू शकला असता. त्याने सगळं तसंच केलं आणि नाणं जांभळं झालं. वांग्यासारखं जांभळं. त्याने ते पुसून काढलं, पुन्हा केलं. या वेळी कडा काळ्या आणि मध्ये विटकरी डाग. ताईने दंतमंजनाने नाण्याची वरची कातडीच खरवडून टाकली होती, आणि सोललेलं तांबं रंग धरायला तयार नव्हतं. इथे धरी, तिथे सोडी.

"काय रे रंगारी, आज चेहरा का असा?" मालक दारातून डोकावले. "कुणाचं आहे?"

"घरचं."

"मग मेलास. गिऱ्हाइकाला रंग कळतो. घरच्यांना फक्त चूक कळते." आणि ते स्वतःच्या विनोदावर हसत पुढे गेले.

बाकीची नाणी पडून राहिली. एका गिऱ्हाइकाचं नाणं त्याने चिडून मधेच हातात घेतलं, तर ते पहिल्या फटक्यात असं सुरेख तपकिरी उतरलं की त्याला ते भिंतीवर फेकून मारावंसं वाटलं. परक्याचं होतं ना. परक्याचं सगळं होतं. बापाचं म्हटलं की हात आडमुठे. खरी अडचण त्याला दुसऱ्या दिवशी उमगली आणि मग तर तो पुरताच वैतागला. त्या नाण्याचा मूळ रंग नेमका कुठला, हेच त्याला ठाऊक नव्हतं. तपकिरी, हे खरं. पण तपकिरीत त्याच्याकडे शंभर नावं होती: चॉकलेटी, तंबाखूचा, भिजलेल्या लाकडाचा, चहा वाळून राहिलेल्या कपाच्या तळाचा. यातला बाबांच्या नाण्याचा कुठला? जन्मभर पाहिलेली वस्तू, आणि भिंगाखाली एकदाही घेतलेली नाही. हात लावायची परवानगी नव्हती तेव्हा घेतली नाही, आणि पुढे परवानगी लागायचं वय सरलं तेव्हा मानापोटी मागितली नाही. म्हणजे गावभरच्या नाण्यांचा रंग तो रोज डोळ्यांत साठवत होता आणि घरातल्या एकुलत्या एक नाण्याच्या बाबतीत ठणठणगोपाळ.

बुधवारी ताईचा फोन आला. "बाबा विचारतायत नाणं कधी येतंय."

"होतंय. रंग धरत नाहीये. तुझी कृपा."

"अरे, मग जसं नेलंस तसंच आणून दे ना. त्यांना तसंच..."

"ताई, तू त्या नाण्याबद्दल आता एक शब्द बोलू नकोस. एकदा हात लावलास ना, पुरे झालं."

पलीकडून तिच्या घरातल्या रेडिओचा आवाज ऐकू आला, बाबांचा रेडिओ. मग ती म्हणाली, "तुझ्या डोक्यात एकदा शिरलं की ब्रह्मदेव आला तरी निघायचं नाही. कर तुला काय करायचं ते." आणि फोन ठेवला. त्याला बरं वाटलं. भांडण आपण जिंकलो असं त्याला वाटलं, आणि हे असं वाटणं किती कोतं आहे हेही त्याच वेळी वाटलं, पण त्याने हातमोजे चढवले आणि पुन्हा बसला.

त्या दुपारी रंग चढायला लागला. हळू, सगळीकडून सारखा, मनासारखा. तो श्वास रोखून ब्रश फिरवत होता, आणि तेवढ्यात आकड्याच्या बाजूला काहीतरी उमटताना दिसलं. बारीक वेलांट्या, एकात एक. बोटाचा ठसा. घासलेल्या तांब्याला कुणी उघड्या बोटाने धरलं की तेव्हा काही दिसत नाही. रंग चढवताना ते वर येतं आणि कामाचा सत्यानाश होतो. ताईला शिव्या घालत त्याने भिंग डोळ्याला लावलं. पण ताईचं बोट एवढं मोठं नव्हतं. अंगठा होता, रुंद, आणि त्यातून तिरपी एक कोरी रेघ गेली होती. यंत्रात बाबांचा अंगठा एकदा सापडला होता, त्याची खूण. एकदा उचलताना टेकलेलं बोट असं उमटत नाही. हा अंगठा त्या जागी पुन्हा पुन्हा, दाबून, दिवसचे दिवस टेकला होता. तो भिंग लावून बसून राहिला. बाहेर मालक कुणाशी तरी घासाघीस करत होते. बाबा ते एवढे कशाला धरून बसत होते असा प्रश्न मनाच्या दारापर्यंत आला, पण दार उघडायला त्याला फुरसत नव्हती. नाण्यावर बोट म्हणजे डाग. कुठलाही जाणकार असलं नाणं हातात घेऊन परत ठेवेल. आणि आपल्या हातून डाग असलेलं नाणं बाबांच्या हातात जायचं? इतक्या वर्षांनी, पहिलंच काम, आणि तेही डागाळलेलं? त्याने कापूस भिजवला आणि अंगठ्याचा ठसा पुसून काढला. त्याच्यासोबत सगळा रंगही काढावा लागला. पुन्हा लालेलाल, पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मार्ग सापडला तो असा. शुक्रवारी तो चिडून हातमोजा काढून बसला होता आणि त्याचं लक्ष स्वतःच्या तळहाताकडे गेलं. हातमोजे घालूनही गंधकाने, धातूने, वयाने तो तळहात करपला होता. एकदम बाबांच्या तळहातासारखा दिसत होता. आणि त्याला आठवलं की बाबांचं नाणं त्याने कधीच एकटं पाहिलं नव्हतं. नेहमी बाबांच्या तळहातावर पाहिलं होतं. काळसर तळहात, त्यावर नाणं, आणि लहानपणी त्याला नाणं आधी दिसायचंच नाही, ताई बोट दाखवून म्हणायची, हे काय, इथे. मग दिसायचं. म्हणजे रंग तो. तळहातात जिरून जाणारा. त्याने एक हात उघडा ठेवला आणि दुसऱ्या हाताने काम सुरू केलं. थोडा रंग चढला की नाणं उघड्या तळहातावर ठेवायचं, खिडकीशी न्यायचं, बघायचं. अजून वेगळं दिसतंय. पुन्हा मलम, पुन्हा ऊब. अजून थोडं वेगळं. दुपार कलली तेव्हा त्याने नाणं तळहातावर ठेवलं आणि क्षणभर त्यालाच ते सापडलं नाही. मग हात जरा कलता केल्यावर काठ दिसला, काठापासून आकड्याच्या पायापर्यंत गेलेली रेघ दिसली. त्याला रडू येईल असं वाटलं. इतक्या वर्षांच्या कामात इतकं चांगलं नाणं त्याने केलं नव्हतं. मालकांनी ते भिंगाखाली उलटसुलट केलं आणि म्हणाले, "मी फसलो असतो रे याला." एवढी स्तुती त्यांनी आजवर कधी केली नव्हती, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो रविवारचा विचार करत होता. बाबा काय म्हणतील, यावर त्याने दोन-तीन वाक्यं मनात तयारही करून ठेवली होती, बाबांची आणि स्वतःची, दोघांचीही.

रविवारी ताईने दार उघडलं. "आणलंस?" एवढंच म्हणाली. तो सरळ खिडकीकडे गेला. बाबा तिथेच होते, रेडिओ बंद करून बसले होते. त्याची चाहूल लागताच त्यांनी हात पुढे केला. त्याने मऊ कागद उलगडला, नाणं काठाने धरलं आणि अलगद बाबांच्या तळहातावर ठेवलं. इतकं अलगद की आवाज नाही, धक्का नाही. मग दोन पावलं मागे सरकला.

बाबांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. हात खिडकीच्या उजेडात नेला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला. उन्हात तो तळहात त्याला स्वच्छ दिसत होता, त्यावरचं नाणंही, कारण कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. बाबा वाट बघत होते. शेवटी त्यांनी हात पुन्हा त्याच्यासमोर धरला.

"दे ना," ते म्हणाले.

"दिलंय, बाबा. हातातच आहे."

"हो का."

बाबांची बोटं घाईने मिटली. अंगठा तळहातावर फिरला, काठाला अडकला, थांबला, मग रेघेवरून सावकाश गेला. "आहे, आहे," ते म्हणाले. "रेघ आहे. तेच आहे." आणि मग चेहरा वर करून, तो जिथे उभा होता त्याच्या थोडं बाजूला, कपाटाकडे बघत म्हणाले, "छान झालाय रंग. अगदी जुना वाटतोय."

हेच ते. हे ऐकायला तो मोठा झाला होता, म्हातारा व्हायला आला होता. मनात तयार केलेल्या वाक्यांमध्येही त्याने बाबांकडून एवढं वदवून घेतलं नव्हतं. आणि आता ते समोर पडलं होतं आणि त्याला ते उचलता येत नव्हतं. त्याला संताप आला, बाबांचा, ताईचा, डोळ्यांच्या डॉक्टरांचा, आणि सगळ्यांत जास्त त्या नाण्याचा, जे बाबांच्या हातात त्याच्या सगळ्या कसबानिशी नाहीसं झालं होतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हळू आवाजात बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता म्हणून त्याला जास्त लागलं.

"मध्ये एकदा मांडीवर पडलं त्यांच्या, आणि सगळी सकाळ चाचपत बसले. मांडीवरच होतं. मग मला म्हणाले, घासून बघ, लाल असलं तर दिसेल कदाचित. घासलं तर दिसलं. कडेने का होईना, दिसलं. दिवसभर हातात घेऊन बसायचे. तेच सांगत होते मी तुला."

"मग सांगायचं ना नीट," तो म्हणाला. ताईने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

"बाबा," त्याने विचारलं, "तुम्हाला दिसतोय का रंग?"

बाबांचा अंगठा रेघेवर थांबला. खोटं बोलावं की नको याचा ते विचार करत असावेत. पण बापलेकांत आता खोटं बोलण्याएवढी सवलत राहिली नव्हती. "नाही रे," ते म्हणाले. "पण तू केलायस म्हणजे झाला असेल बरा. तुझं कामच आहे ते."

तो त्यांच्या खुर्चीशी खाली बसला. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण सवय नव्हती, म्हणून त्याने खुर्चीचा हात धरला.

"पुन्हा लाल करून देऊ?"

"देशील?" बाबा म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की शब्द अर्धवटच फुटला. नाणं त्यांनी लगेच पुढे केलं, त्याच्या हाताचा अंदाज घेत, आणि त्याच्या घामट बोटांना त्यांची बोटं लागली तरी त्यांनी ती मागे घेतली नाहीत. "फार वेळ लागत असेल तर राहू दे पण."

"नाही लागत."

स्वयंपाकघरात ताईने दंतमंजनाची डबी त्याच्यासमोर ठेवली. त्याने चिमूटभर घेतलं, नळाखाली नाणं ओलं केलं आणि घासायला लागला. इतक्या वर्षांत तांबं घासायला त्याने कधी हात लावला नव्हता, आणि त्याला ते नीट जमत नव्हतं. तपकिरी पाणी बोटांवरून वाहून बेसिनमध्ये जात होतं. खालचं तांबं वर आलं, पण ताईच्या हाताखालून निघालं होतं तसं लाल नाही, मळकट गुलाबी. पुन्हा घेतलं, पुन्हा घासलं.

"जपून," ताई म्हणाली. "रेघ जाईल."

"कळतंय मला," तो खेकसला, आणि त्याचा आवाज मधेच चिरकला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. त्याने रेघेवर स्वतःच्या अंगठ्याची कड आडवी धरली आणि बाकीचं नाणं घासत राहिला.

"झालं का?" बाबांनी बाहेरून विचारलं.

"होतंय, बाबा," तो म्हणाला.